मी दुखणं दोन सांगितलं

डॉक्टरांनी एक्स-रे कॉम्प्युटरवर उघडला आणि पडदा माझ्याकडं वळवला. दोन हाडं एकमेकांवर टेकलेली. मधे फट म्हणून नाही.

“बाबा, ह्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. म्हणजे सांध्याची झीज. मधली गादी संपलीय, हाडावर हाड घासतंय. डावा गुडघा अजून थोडा दम धरेल, उजवा बदलावा लागेल.”

मी म्हणालो, “तेल लावतोय. उतरंल.”

“तेल कातडीला लागतं, बाबा,” डॉक्टर म्हणाले आणि पुढचा कागद लिहायला लागले.

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर फरशी. पंचेचाळीस वर्षं मी लोकांच्या घरात फरशी बसवली. आधी शहाबादी, मग टाइल. हे काम गुडघ्यावर बसून मागं मागं सरकत करायचं असतं. पुढं सरकलात तर स्वतःचीच ओली फरशी तुडवता. कामावर ‘दुखतं’ म्हणायची पद्धत नाही. ज्याचं दुखतं त्याला दुसऱ्या दिवशी कुणी बोलवत नाही. ही सवय मी हॉस्पिटलात घेऊन गेलो आणि तिथंच चुकलो. म्हणून हे लिहितोय. ज्यांचा गुडघा बदलायचाय त्यांनी वाचावं.

माझ्या मुलाच्या, संतोषच्या, कंपनीच्या विम्यात आई-बाप बसतात. म्हणून खासगी हॉस्पिटल. धायरीहून तीन दिवस खेपा घातल्या. रक्त, लघवी, ईसीजी, मग टू-डी इको, म्हणजे हृदय कसं चालतं ते पडद्यावर बघतात. बाहेर बाकावर सगळे आमच्यासारखेच. नाव-गाव कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न, “एक की दोन्ही?”

ऑपरेशनचं नाव टोटल नी रिप्लेसमेंट. झिजलेली टोकं कापून तिथं धातूची बसवतात, मधे प्लास्टिकची चकती. भूल कमरेत सुई देऊन. कमरेखालचं सगळं गेलं, पण कान जागे होते. पडद्यापलीकडं ठोकण्याचा आवाज आला. तो हात मी ओळखला. आम्हीपण फरशी अशीच ठोकतो, घाई न करता.

दुसऱ्या दिवशी भूल पूर्ण उतरली. नर्सबाई आली. “शून्य म्हणजे दुखत नाही. दहा म्हणजे सहन होत नाही. तुमचं किती?”

पोरगी माझ्या नातीच्या वयाची. तिच्यापुढं काय रडायचं. मी म्हणालो, “दोन.”

तिनं लिहून घेतलं. संध्याकाळी परत विचारलं, परत दोन. खरं तर मांडीपासून पोटरीपर्यंत कुणी शिकंज्यात धरून पिळतंय असं होत होतं. पण कागदावर दोन असलेल्या माणसाला जास्त औषध कोण देणार? दोनप्रमाणेच गोळ्या मिळाल्या. चौथ्या दिवशी वॉकर देऊन घरी सोडलं. डिस्चार्जच्या कागदावरही ‘दुखणं कमी’ असंच लिहिलेलं.

घरी व्यायाम दिलेला. टाच गादीवरून ओढत कुल्ल्याकडं आणायची, म्हणजे गुडघा वाकतो. दिवसातून चार वेळा. मी एकदा ओढली, डोळ्यापुढं काळोख आला, सोडून दिली. संतोष कामावरून आला की विचारायचा, “बाबा, व्यायाम?”

“झाला.”

आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, मायेनं गुडघ्याखाली उशी दिली. बरं वाटायचं म्हणून ठेवली. उशी टाचेखाली घ्या, गुडघ्याखाली नाही, असं हॉस्पिटलात दोनदा सांगितलेलं. वाकडा ठेवलेला गुडघा वाकडाच आखडतो. ते मला समजलेलं होतं. तरी ठेवली.

चौथ्या आठवड्यात तपासणीला गेलो. डॉक्टरांनी दोन पट्ट्यांचं माप गुडघ्याला लावलं. पंचावन्न अंश.

“एव्हाना नव्वद यायला हवं होतं. आत चिकटायला लागलंय. दोन आठवडे देतो. नाही वाकला तर परत भूल देऊन जोर लावून वाकवावा लागेल. त्यातूनही नाही जमलं तर पाय असाच राहील.”

नव्वद म्हणजे काटकोन. तो मला कुणी समजावायला नको, काटकोन बघायचा गुण्या जन्मभर हातात होता. नव्वद झाला तर माणूस खुर्चीवर नीट बसतो, रिक्षात चढतो, कमोडवरून आपला आपण उठतो. पंचावन्नवर मला संतोष दोन्ही काखांत हात घालून उठवत होता. तो घरी नसला की सून यायची. ती तोंड फिरवून उभी राहायची, मीही तोंड फिरवायचो. हे आता मरेपर्यंत, असं डॉक्टर बोलत असताना माझ्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीला नेलं. फिजिओथेरपी म्हणजे औषधाशिवाय, व्यायामानं सांधा चालता करणं. तिथल्या दीपाली मॅडमनी पाय हातात घेतला, हळूहळू वाकवला. मंडळी पिशवी घेऊन कोपऱ्यात स्टुलावर.

“आत्ता किती दुखतंय?”

“दोन.”

मॅडम थांबल्या. “बाबा, दोनला कुणी माझं टेबल उपटत नाही.”

मी टेबलाची कड धरली होती. ती सोडली.

“तुम्हाला शाबासकी द्यायला मी आकडा विचारत नाही. आकड्यावर तुमचं औषध ठरतं, आणि मी पाय कुठवर न्यायचा तेही ठरतं. तुम्ही खोटं सांगितलंत तर मी आंधळी. सांगा.”

मी म्हणालो, “नऊ.” आणि तोंडातून आपोआप आलं, “पहिल्या दिवसापास्नं.”

कोपऱ्यातून मंडळी म्हणाली, “अवो, शेचाळीस वर्सं झाली लग्नाला. तुमचं दुखतंय हे आज ऐकतीय मी.” मॅडमकडं बघून म्हणाली, “पायावर फरशी पडली तवा हे म्हनले, फरशी फुटली न्हाई ना.”

मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही. डोळे पुसायला रुमालही जवळ नव्हता.

मॅडमनी तिथूनच डॉक्टरांना फोन केला. गोळी बदलली. ती व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यायची, नंतर बर्फ. उशी मंडळींनी कपाटात टाकली. मग रोजचं माप. एकसष्ट. सदुसष्ट. सदुसष्टवर चार दिवस अडकलं. त्र्याहत्तर. ओरडलोसुद्धा, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वळवून बघितलं. बघू दे. दोन आठवड्यांनी अठ्ठ्याऐंशी आलं. डॉक्टर म्हणाले, “राहू दे, भूल नको.”

आता चौथा महिना. शंभरच्या आसपास वाकतो. सरळ मात्र पूर्ण होत नाही, चालीत लंगड राहिलीय. आधीपासून खरं बोललो असतो तर ती राहिली नसती, असं मॅडमनी तोंडावर सांगितलं. मांडी घालून बसणं संपलं. लग्नाच्या पंगतीत मला बाजूला खुर्ची देतात, ते अजून गिळवत नाही. डावा गुडघाही कुरकुरायला लागलाय. पण कमोडवरून मी आपला आपण उठतो. ते मॅडमचे उपकार.

परवा सकाळी मंडळी भाकरी थापत होती. मी खुर्ची ओढून ओट्याजवळ बसलो आणि विचारलं, “तुला कुठं दुखतं का गं?”

ती थांबली नाही. “आता इचारताय?”

“आता इचारतोय.”

“खांदा. हात वर जात न्हाई. केस सूनबाई इंचरती.”

मी तिला रोज बघतो. हे मला दिसलं नव्हतं. “कवापास्नं?”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. म्हणाली, “तुमच्या गुडघ्याच्या आदीपास्नं.”

डॉक्टरांकडं गुरुवारचा नंबर लावलाय. मी बरोबर जाणार आहे.