मामी म्हणणारी लेक

मिएनमावशी आमच्या गावच्या देवळात तीस वर्षं स्वयंपाक करते. तिच्या हातच्या मोहरीच्या पाल्याच्या लोणच्यासाठी लोक पार नामदिन्ह शहराहून येतात. माझा मात्र तिच्यावर विश्वास नाही.

माझी लेक थोआ, तिला तीन महिन्यांची असताना आकड्या यायच्या. सासूबाईंनी तिला देवळातल्या क्वान आम देवीला विकली, म्हणजे कागद करून देवीची लेक केली, राहायची मात्र घरीच. अशा मुलांनी बारा वर्षं आईला आई म्हणायचं नसतं, भुतांना सुगावा लागतो. बारा वर्षं भरली की कागद जाळून लेकरू सोडवून आणतात. थोआ मला मामी म्हणते. मावशीनेही आपली लेक अशीच विकली होती. ती परत आलीच नाही, भिक्षुणी झाली. अशा बाईच्या चुलीपाशी माझी पोर रोज शाळा सुटल्यावर बसते.

सोडवणुकीच्या आदल्या दिवशी थोआ म्हणाली, "मामी, मला नका ना सोडवून आणू."

मी तडक देवळाचं स्वयंपाकघर गाठलं. "मावशी, काय भरवलंत तिच्या कानात?"

"देवीच्या नावाचा अर्थ विचारत होती. सांगितला. जगाची हाक पाहणारी." मावशी भाजी चिरतच होती.

"हाक ऐकतात."

"ऐकणारे पुष्कळ गं. तुझी सासू नाही का ऐकत, भिंतीला कान लावून? हिला हाक मारणाऱ्याचा चेहराही दिसतो."

मी कॉलेजात शिकलेली. म्हटलं, बघू हिला किती येतं. "आणि नाव आलं कुठून?"

"भारतातून. तिथे म्हणे बाप्या होता, अवलोकितेश्वर. चीनमार्गे आपल्याकडे येईतो बाई झाला. एवढ्या लेकरांचं रडं पुरुषाला झेपतंय होय?"

हसू आलं, ते मी गिळलं. "थोआ सोडवणूक का नको म्हणते?"

सुरी थांबली. "घाबरलीय. उद्यापासून देवीची राहिले नाही, तर आकडी आल्यावर माझी हाक कोण पाहणार, म्हणत होती. तू विचारलंस कधी तिला?"

मी आले तशी परत फिरले.

दुसऱ्या दिवशी कागद जाळला. थोआला माझ्यासमोर उभं केलं. स्वयंपाकघराच्या दारातून मावशी ओरडली, "अगं, मार की हाक! बारा वर्षं वाट पाहतेय ती."

"आई," थोआ म्हणाली. पण बघत होती मावशीकडे, बरोबर म्हटलं ना, असं विचारल्यासारखी.

मी तिचा हात धरून निघाले. आता शाळा सुटताना मीच घ्यायला जाते. देऊळ वाटेवरच आहे, म्हणून दहा मिनिटं आधीच शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहते.