बंद लिफ्ट आणि समोरचं दार

लॉकडाऊन लागला तरी स्टील प्लांटची भट्टी थंड करता येत नाही, त्यामुळे माझे मिस्टर रोज ड्युटीला जात होते. भिलाईतल्या सरकारी योजनेच्या इमारतीत आम्ही सातव्या मजल्यावर राहायचो. ते परत आले की जिन्यातली दारं पटापट बंद व्हायची. सासूबाई विचारायच्या, "कावून असे करून राहिले हे लोक?" भीती तर मलाही वाटत होती.

मग दुसऱ्या मजल्यावर एक जण पॉझिटिव्ह निघाला आणि कोणी आत-बाहेर करू नये म्हणून गेटवर बांबू बांधले गेले. मिस्टर तेव्हा प्लांटमध्येच होते. ते तिकडेच, मरोदा वस्तीत, मित्राच्या क्वार्टरमध्ये राहिले. घरात मी आणि दमा असलेल्या सासूबाई, दोघीच.

आमच्या समोर रेल्वेतून रिटायर झालेले काका राहायचे, गोंदियाकडचे. इमारतीच्या कमिटीचे तेच प्रमुख. "बटनाले सगळ्यायचे हात लागतात," म्हणून त्यांनी लिफ्ट बंद करून स्विचच्या पेटीला कुलूप लावलं.

एका दुपारी सासूबाईंचा दमा वाढला. पलंगाच्या कडेला बसून त्या नुसत्या तोंड उघडत होत्या, शब्द फुटत नव्हता. ॲम्ब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, पेशंटला खाली आणून ठेवा. सात मजले त्या उतरणार कशा? मी समोरचं दार ठोठावलं.

काका आतूनच बोलले. "ताप हाय का सासूले?"

नाही म्हणावंसं वाटलं. पण सकाळपासून सासूबाईंचं अंग तापलेलं मी पाहत होते. म्हटलं, "हाय काका. पन त्यायले श्वासच घेता येऊन नाही राहिला."

आत नवरा-बायकोची कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, आता दार उघडत नाही. तेवढ्यात तोंडाला गमछा बांधून काका बाहेर आले, खाली जाऊन कुलूप काढलं आणि लिफ्ट घेऊन वर आले. लिफ्टशी सासूबाईंचा तोल गेला, तेव्हा काकांनीच त्यांना दंडाला धरून सावरलं. काकू दारातून म्हणाल्या, "हात नोका लावू ना." काकांनी ऐकलं नाही.

मला बांबूच्या आतच थांबावं लागलं. सासूबाई एकट्याच गेल्या. दवाखान्यातून फोन आला, पॉझिटिव्ह. त्या दिवसापासून काका मागच्या खोलीत वेगळे राहू लागले. काकू त्या खोलीच्या दारात ताट ठेवायच्या, बाहेर दिसल्या तर माझ्याकडे बघायच्या नाहीत. दवाखान्याचा फोन वाजला की मी पहिल्याच रिंगला उचलायची, आणि काका खोकले की दाराला कान लावायची.

काकांना काही झालं नाही. सासूबाई बऱ्याच दिवसांनी परत आल्या, अगदी वाळून. मिस्टरही घरी आले आणि मला सोबत घेऊन त्यांनी आधी समोरचं दार ठोठावलं.

"काका, तुमच्यामुळं माय वाचली."

काकांनी दार थोडंसंच उघडलं, मागे काकू उभ्या होत्या. "वाचली, चांगलं झालं. आता थोडे मांगं सरका. इले अजून भेव वाटते."

आम्ही दोघंही मागे सरकलो.