चुडामणभाऊंनी दाबलेलं 'हो'

सावद्यात प्रिंटर अडला की लोक आधी चुडामणभाऊंची नक्कल करायचे, मग त्यांना फोन. "काही नही बाप्पा, सर्दी झाली त्याले," असं नाकातून म्हणत भाऊ यायचे आणि मशीनला कान लावायचे. कंपनीच्या कार्ट्रिजचा भाव ऐकून ज्यांचे डोळे पांढरे होत, त्यांच्यासाठी भाऊ जळगावहून बाहेरची, कंपनीचा शिक्का नसलेली स्वस्त कार्ट्रिज आणत, शाई स्वतः भरत. गावात भाऊंची शाई म्हणजे भाऊंचा शब्द.

खोड एकच. कुणी काही विचारलं की भाऊंना नाही म्हणवत नसे. मग विचारणारं मशीन का असेना. त्या आठवड्यात जिथे जावं तिथे पडद्यावर एकच प्रश्न: अपडेट करायचं का? "विचारू राह्यलं बिचारं," म्हणत भाऊंनी गावभर 'हो' दाबलं. वर ऐटीत सांगितलं, "सर्व्हिस करून देली. फुकट."

सोमवारी योगराजशेठचा फोन आला. शेठ केळीचे व्यापारी. बोलण्याआधी घसा असा खाकरायचे, की वाटावं थंडीत ट्रॅक्टर सुरू होतोय. "चुडामण, गाडी भरून उभी हाये. मालाची बिल्टी छापून निघत नही. ये."

भाऊ पोचले तर हमालांसकट सगळे पडद्याभोवती. लिहिलं होतं: कार्ट्रिज अस्सल नाही, छपाई थांबवली आहे. भाऊंनी ते काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. दुसरं घातलं. तेच.

"म्हंजे इतके वर्सं आमाले नकली देत होता?" शेठ म्हणाले.

"शाई तीच हाये, शेठ. अपडेटनं कुलूप बदलवलं. आता मशीन कंपनीच्याच कार्ट्रिजले ओयखते."

"अन् अपडेट कोनं केलं?"

भाऊंनी कार्ट्रिज खाली ठेवलं. "म्याच."

ट्रकचा ड्रायव्हर हसला. "सोताच्या पोटावर सोता कोन पाय देईन, भाऊ? शाईतच काही असंन."

इथेच सगळं फिसकटलं. खरं इतकं खुळ्यासारखं होतं की कुणाला पटेना. भाऊंनी कंपनीला फोन लावला. "कृपया प्रतीक्षा करें," रेकॉर्डमधली बाई म्हणाली. भाऊ तिलाही "हो ताई" म्हणाले. शेवटी एका पोरीनं सांगितलं, झालेलं अपडेट मागे घेता येत नाही.

मग भाऊ दारोदार फिरले. दोष माझ्या बोटाचा, शाईचा नाही, असं सांगत. लोक चहा पाजायचे, मान डोलवायचे. पाठ फिरली की पानटपरीवर कुणीतरी नाकातून म्हणायचं, "सर्दी नही बाप्पा, नकली झाली त्याले."

शेवटी राहिली असोदा गावातली हेमलता. तिच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या प्रिंटरला नेट जोडलेलंच नव्हतं, म्हणून अपडेटही झालं नव्हतं. भाऊंचं कार्ट्रिज तिथे सुरळीत चालत होतं. बऱ्याच दिवसांनी भाऊंचा चेहरा सैल झाला. ते काउंटरशी बसून सुटं कार्ट्रिज भरू लागले.

तेवढ्यात एक माणूस कागद छापायला आला. "ताई, शाई ओरिजिनल ना? सावद्याचा कोनी नकली भरून देतो म्हने."

"ओरिजिनलच हाये, दादा," हेमलता म्हणाली. भाऊंकडे तिनं पाहिलं नाही. मग वाकून हळूच म्हणाली, "भाऊ, आत बसून भरता का? राग नका मानू. लोकाइचं तुमाले मालूम हाये."

भाऊ बाटली उचलून दुकानातल्या मागच्या पडद्याआड गेले. आत उजेड कमी होता, शाई किती चढली ते दिसत नव्हतं. ते थांबून थांबून भरत राहिले. बाहेर मशीन चाललं होतं, अन् तो माणूस हेमलताला सांगत होता, अक्षर कसं काळंभोर आलंय.