रामहरीचा तारेचा सूर्य

सोलापूरच्या एका चादर कारखान्यात रामहरी नक्षीचे पुठ्ठे पाडायचा. कागदावरचं फूल बघायचं आणि कुठला धागा वर, कुठला खाली, हे पुठ्ठ्याला भोकं पाडून मागाला सांगायचं. माणूस तापट, पण वीस वर्षांत चुकीचा पुठ्ठा त्याच्या हातून गेला नव्हता, आणि हे तो भेटेल त्याला ऐकवायचा.

म्हणून चौऱ्याहत्तर साली वेणीमाधव गुरुजींनी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यालाच गाठलं. परदेशी मासिकातली पंधरा चित्रं होती, अवकाशातून रोज एक टिपलेली. मधला सूर्य काळ्या चकतीने झाकलेला, भोवती त्याच्या वातावरणाचे पांढरे तुरे. गुरुजी म्हणाले, "सूर्य सत्तावीस दिवसांत स्वतःभोवती फिरतो. म्हणजे रोज थोडी वेगळी बाजू दिसते. सगळ्या जुळवून गोल सूर्य उभा करा."

रामहरीने मातीच्या गोळ्यात तारा खोवल्या, त्यांवर सूत चढवलं. पण पहिल्या चित्रात उजवीकडे असलेला मोठा तुरा मागून फिरून पंधराव्या चित्रात डावीकडे निघायला हवा होता, तो तिथे नव्हताच. तीनदा सगळं उसवलं. प्रदर्शन परवावर आलं. आपलाच हात चुकतोय या धास्तीने तो जेवण सोडून तारांशीच झटत राहिला. त्याची बायको रंभाबाई वैतागली. "आवं, जावा की गुरुजींकडं! इचारल्यानं काय नाक कापलं जातंय व्हय?"

गेला. गुरुजींनी चित्रं ओळीने मांडली आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. "उजवीकडचा हा पांढरा गोळा कुठं दाखवलाय तुम्ही?"

"त्यो डाग हाय की, गुरुजी. डागाची नक्षी आमी पाडत न्हाय."

कारखान्यात रीतच ती. नक्षीच्या कागदावर काही सांडलं, तर तेवढं सोडून द्यायचं. गुरुजींनी मासिकातला मजकूर वाचून सांगितला. तो डाग नव्हताच. तुरा बुडापासून सुटून अवकाशात निघाला होता, फुगत फुगत सूर्याहून मोठा झाला होता.

रामहरीने तिसरं चित्र पुन्हा हातात घेतलं. अंगावर सरसरून काटा आला. एवढं मोठं काही उडून गेलं, त्या दिवशी सोलापुरात ऊन मात्र रोजच्यासारखंच पडलं होतं!

घरी येऊन त्याने मोठ्या तुऱ्याची तार स्वतःच उपटली आणि मातीतलं भोक तसंच ठेवलं. प्रदर्शनात शाळा-तपासनीस साहेबांनी ते भोक बघून गुणांच्या कागदावर 'अपूर्ण' असा शेरा मारला. रंभाबाईला वाटलं, आता हा भडकणार.

रामहरीने हात जोडले. "साहेब, पुरा कसा हुईल? सूर्यच अजून बदलतोय की!"