टेकडी मेलचे सहा डबे

माझी आत्या दात बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे येतात, त्यांवरून ती कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या घडवते. तीस वर्षं एकाच लॅबमध्ये, खिडकीजवळच्या त्याच टेबलावर. रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला की ती आधी दात बघते, मग माणूस आठवते. "खालचा डावा माझा आहे," असं एकदा बसस्टॉपवर ती माझ्या कानात म्हणाली, आणि त्या गृहस्थांकडे पाहून इतकं प्रेमाने हसली की ते बिचारे गडबडले.

दोन वर्षांपूर्वी लॅबमध्ये मशीन आलं. आता डॉक्टर तोंडात छोटा कॅमेरा फिरवतात आणि मशीन टोपी कोरून देतं. आत्याची नोकरी राहिली, पण तिच्या वाट्याला फक्त रंग देण्याचं काम उरलं. चार वाजता टेबल रिकामं. घरी येऊन ती हात मांडीवर ठेवून बसायची. लग्न केलं नसल्यामुळे ती आमच्याकडेच राहते, त्यामुळे ते बसणं आम्हाला रोज दिसायचं.

"हात शिवशिवतात गं नुसते," ती मला म्हणायची.

आईने तिला विणकामाच्या सुया आणून दिल्या. दोन दिवसांत आत्याने त्या परत केल्या. "यात टाका चुकला म्हणून कुणाचं जेवण अडत नाही, वहिनी. मन लागत नाही."

मग एका संध्याकाळी चहा पिताना बाबांनी सहज 'टेकडी मेल'चा विषय काढला. ही त्यांच्या लहानपणची मालिका. दर रविवारी संध्याकाळी गाडी डोंगर चढायची आणि एका नव्याच स्टेशनावर थांबायची. आमच्या घरी टीव्ही नव्हता, म्हणून ही दोघं भावंडं शेजारच्या शिंपीकाकांच्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून ती बघायची.

"पाच डबे होते," बाबा म्हणाले.

"सहा. पाचवा हिरवा, स्वयंपाकाचा. त्याच्यामागे टपालाचा."

"टपालाचा इंजिनाला लागून होता."

"दादा, तुला तेव्हा चष्मा लागला नव्हता."

वाद आठवडाभर चालला. शेवटी आत्या म्हणाली, "थांब, करूनच दाखवते." आणि लॅबमध्ये वाया गेलेलं कवळ्यांचं ॲक्रिलिक घेऊन ती घरी आली.

पहिला डबा बोटाएवढा लांब होता. त्याचे रूळ करंगळीच्या नखाएवढे रुंद. अशा इवल्याशा गाड्यांची मोटर आणि चाकं तयार मिळतात, वरचं सगळं तिने हाताने केलं. आधी मेणात कोरलं, मग साचा घेतला, मग ॲक्रिलिक ओतलं. दाताचं असतं तसंच सगळं. फक्त ॲक्रिलिक गुलाबी असल्यामुळे डबा बाहेर आला तेव्हा बाबांनी हातातलं वर्तमानपत्रच खाली ठेवलं. "अगं, गाडीला हिरड्या आल्यात!" त्या दिवशी आत्या खूप दिवसांनी खळखळून हसली. रंग दिल्यावर मात्र बाबांनी तो डबा खिडकीशी नेऊन सगळ्या बाजूंनी बघितला.

आता तिला सगळं अचूक हवं होतं. खिडक्या किती, पायऱ्या कशा, छपराचा बाक केवढा. पण मालिकेच्या टेपा कधीच पुसल्या गेल्या होत्या. त्या काळी एका टेपवर पुन्हा पुन्हा चित्रीकरण करत. ती गाडी तिथे कुणाला आठवते का, म्हणून आत्याने टीव्ही केंद्राला पत्र लिहिलं. दीड महिना उत्तर नाही. तोवर चार डबे आणि इंजिन तयार झालं.

मग एका दुपारी फोन आला. मीच उचलला आणि आत्याला दिला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की खोलीभर ऐकू येत होता.

"मी त्या मालिकेचा सुतार. सेट मी बनवायचो. तुमचं पत्र फिरत फिरत माझ्याकडे आलं. बाई, डबे पाच नव्हते आणि सहाही नव्हते. डबा एकच होता."

"एकच कसा? डोंगरावरून पूर्ण गाडी जायची की."

"ती पत्र्याच्या डबड्यांची. दोऱ्याने ओढत होतो. दोरा ओढणारा मीच. आणि माणसं बसायची तो डबा म्हणजे लाकडाची एक भिंत. पडदे बदलले की दुसरा डबा."

"मग हिरवा? स्वयंपाकाचा?"

"तुमच्याकडे रंगीत टीव्ही होता?"

 शिंपीकाकांचा टीव्ही काळापांढरा होता.

"आचारी दर वेळी म्हणायचा ना, 'हिरव्या डब्यात या, पानं वाढलीत,' म्हणून तुम्हाला हिरवा दिसला. रंग तपकिरी होता. गोदामात तोच शिल्लक होता." सुतारकाका मनापासून हसले. त्यांना वाटलं आपण मोठी गंमत सांगितली.

आत्याने फोन ठेवला आणि तयार डबे उचलून कपाटात ठेवून दिले. बाबांनीसुद्धा चिडवलं नाही. आठ-दहा दिवस तिने कपाट उघडलं नाही.

ते उघडलं ते लॅबमध्ये आलेल्या एका बाईंमुळे. त्यांना पुढचे दोन दात हवे होते, "तरुणपणी होते तसे, मोत्यासारखे." सोबत त्यांनी लग्नाचा फोटो दिला होता. फोटोत दात चांगलेच पिवळट होते. आत्याने मोत्यासारखे दिले. आरशात पाहून बाई म्हणाल्या, "अगदी हेच होते माझे!" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी येऊन आत्या तडक कपाटाकडे गेली. "पाचवा हिरवाच होणार," ती आम्हाला बजावून म्हणाली. "त्या सुतारांचा तपकिरी असेल. मी बघितला तो हिरवा होता."

"आणि सहावा?" बाबांनी विचारलं.

"सहावा टपालाचा. तुला नको असेल तर तेवढा डोळा झाक."

दातांना रंग द्यायच्या बारीक कुंचल्याने तिने पडदे रंगवले, पडद्यांवर ठिपके काढले. हिरव्या डब्याचं छप्पर उचलता येईल असं केलं आणि आत टेबलं मांडली, टेबलांवर तिळाएवढ्या थाळ्या ठेवल्या आणि भिंतीला टेकून डाव हातात घेतलेला आचारी उभा केला.

गावातल्या छोट्या रेल्वेगाड्या करणाऱ्यांचं प्रदर्शन सुट्टीत शाळेच्या सभागृहात भरतं. त्याचे कर्तेधर्ते एक निवृत्त इंजिन-ड्रायव्हर. त्यांनी आत्याचा अर्ज डोळ्यांजवळ धरून वाचला.

"मार्ग: 'डोंगरावरून'? ही कुठल्या रेल्वेची गाडी?"

"टीव्हीवरची."

"बाई, इथे खऱ्या गाड्या असतात." त्यांनी नाक मुरडलं, पण परत पाठवलं नाही. दाराजवळचं टेबल दिलं, जिथे लोक छत्र्या ठेवतात.

आत्याने रूळ जोडले, गाडी सोडली. पहिल्याच वळणावर चौथा डबा कलंडला आणि मागचे दोन त्याच्यावर चढले. तिने पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हिरवा डबा टेबलावरून खाली जाणार तेवढ्यात मी झेलला. दोन-चार माणसं हसली. आत्याचे कान लाल झाले.

ड्रायव्हरसाहेब लांबून बघत होते. त्यांना राहवलं नाही. ते आले, एक डबा तळहातावर घेतला आणि वर-खाली तोलला. "ही पिसासारखी हलकी आहे. वळणावर उडणारच. वजन द्या. तेही खाली, चाकांच्या जवळ. वर दिलंत तर आणखी पडेल." मग जरा खाकरून म्हणाले, "काम मात्र स्वच्छ आहे."

प्रदर्शन दोन दिवसांचं होतं. दुसऱ्या दिवशी आत्या सकाळी आधी लॅबमध्ये गेली आणि पूर्वी टोप्या ओतताना उरलेले धातूचे तुकडे घेऊन आली. छत्र्यांच्या टेबलाशी बसून तिने प्रत्येक डब्याच्या पोटाखाली ते चिकटवले. गाडी वळणावर आली तेव्हा ड्रायव्हरसाहेब गुडघ्यांवर बसून, डोळा रुळांच्या पातळीला आणून बघत होते. गाडी वळली. सरळ पुढे गेली.

"पोटातलं पाणी हलत नाही आता!" ते ओरडले, आणि सभागृहातली निम्मी माणसं आमच्या टेबलाशी आली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी गाडी लगेच ओळखली. डबे किती होते यावरून तिथेही दोन तट पडले, त्यामुळे बाबांना एकदाची त्यांच्या बाजूची माणसं मिळाली.

टेकडी मेल इथे आहे असं कुणाकडून तरी कळून दुपारी सुतारकाका आले, मुलीचा हात धरून. ऐंशीच्या पुढचे, उंच, हात सतत थरथरणारे.  आत्याने हिरव्या रंगाचं स्पष्टीकरण दिलं नाही. तिने फक्त गाडी थांबवली आणि चिमट्याने हिरव्या डब्याचं छप्पर उचललं.

काका वाकले. टेबलं बघितली, थाळ्या बघितल्या, आचारी बघितला.

"मी एकच भिंत केली होती," ते हळू म्हणाले. "कॅमेऱ्यापुढची. तिच्या समोर डब्यात काय असेल, ते मला कधी कळलंच नव्हतं." मग म्हणाले, "हिरवाच बरा दिसतो हो."

जाताना त्यांनी विचारलं, "आणि स्टेशनं? ती कोण करणार?"

मालिकेत सव्वीस स्टेशनं होती. काकांना ती सगळी आठवतात, पाण्याच्या टाकीपासून बाकाच्या तुटक्या पायापर्यंत. आता दर रविवारी त्यांची मुलगी त्यांना आमच्याकडे सोडते. काका मापं सांगतात, आत्या कापते. काका म्हणतात, "इथे भिंत नव्हती," आत्या म्हणते, "आता आहे." ड्रायव्हरसाहेबही येतात, कारण पहिल्या स्टेशनला सिग्नल नव्हता आणि त्यांचा जीव त्यात अडकला होता. आई म्हणते, आमच्या जेवणाच्या टेबलावर आता फक्त गाडी जेवते.

गेल्या रविवारी चौथं स्टेशन पूर्ण होत आलं होतं. फलाटाचं छप्पर चिकटवायचं बाकी होतं. काका हिशेब करत म्हणाले, "अजून बावीस राहिली. वय काय आपलं, बाई!"

"ते नंतर बघू," आत्या डिंकाची सुई सावरत म्हणाली. "तुम्ही आधी ती फळी धरा."

फळी म्हणजे आगपेटीची काडी. काकांनी थरथरता हात टेबलाच्या कडेला टेकवला, दुसऱ्या हाताने मनगट घट्ट पकडलं आणि ती धरली.