विहिरीतलं मुखपृष्ठ

नेकनूरचा बंकट पेंटर लोकांना ठाऊक आहे तो त्याच्या शूरवीरांमुळे. पुण्याच्या एका प्रकाशकासाठी त्यानं चित्रकथांची शंभरावर मुखपृष्ठं रंगवली. पिळदार दंड, उगारलेली तलवार. पोरं नुसती जीव टाकायची! पण त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातलं एक मुखपृष्ठ फारसं कुणाच्या पाहण्यात नाही. ज्यांनी पाहिलं, ते आजही त्याचा विषय काढत नाहीत.

त्या साली दुष्काळानं गावाचा घसा कोरडा पाडला होता. सहकारी सोसायटीच्या विहिरीत तळाशी तेवढं गढूळ पाणी उरलेलं. शेजारची भिवराबाई ते शेंदून बंकटला रोज एक घागर आणून द्यायची. हनुवटीवर गोंदलेली तिची लेक मुक्ता ऊसतोडीला म्हणून गेली, ती परतलीच नाही. जावई धुळाजी सोसायटीच्या पंपावर कामाला. तो खुशाल सांगायचा, "गेली कुणाचा तरी हात धरून." भिवराबाईला हे पटत नव्हतं. लेक येईल म्हणून ती रोज एक भाकरी जास्तीची थापायची.

बंकटला काढायचा होता ओसाड विहिरीच्या काठावर उभा वीर. त्याच पाण्यात रंग कालवून त्यानं विहीर काळीभोर केली. भर दुपारी रंग वाळला आणि त्या काळ्यातून एका बाईचा चेहरा वर आला. डोळे मिटलेले.

"च्या मायला, पाणीच खारं हाय!" म्हणत त्यानं वरून रंगाचा दुसरा हात दिला. वाळल्यावर चेहरा पुन्हा वर. तिसऱ्या हातानंतर हनुवटीवरचं गोंदणही दिसायला लागलं, आणि बंकटनं ओळखलं. ती मुक्ता होती.

भिवराबाईला सांगायला त्याची जीभ रेटेना. म्हातारी जगत होती तीच मुळी त्या आशेवर. मग काय, भ्याला गडी! चित्र गुंडाळलं आणि गुपचूप पुण्याला धाडून दिलं.

ते छापून आलं. बाजारादिवशी एसटी स्टँडवर अंक लटकले. बघणारा अंक उलटा करून ठेवायचा. धुळाजीनं तो अंक पाहिला आणि त्याच दुपारी गाव सोडलं.

संध्याकाळी भिवराबाई अंक घेऊन बंकटच्या दारात उभी.

"कावून काढलं रं हे?"

"मी न्हाई काढलं, मावशी. आपसूक आलं. तुमची शपथ."

तिनं त्या गोंदणावरून अंगठा फिरवला.

"ही माझी न्हाई," ती म्हणाली. "माझी मुक्ता येनार हाय."

"व्हय, मावशी." बंकटला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी ती सोसायटीच्या विहिरीवरून तशीच पुढं गेली. बाया हाका मारत राहिल्या. दोन कोस चालून शेजारच्या वस्तीवरनं तिनं पाणी आणलं आणि बंकटच्या उंबऱ्यात घागर टेकवली.

"हे पी," ती धापा टाकत म्हणाली. "त्या इहिरीतलं आता मी कुनाला पिऊ देनार न्हाई."