शेंगमास्तरांचा दसरा

शेंग दिसली की अंगठ्याच्या नखानं ती उभी फोडायची आणि समोरच्याच्या नाकाखाली धरायची, ही आमच्या शेंगमास्तरांची खोड. "शेंग दाखव, मंग बोल," हे पालुपद. इंग्रजी अमदानीत वाशीमच्या शाळेत ते झाडं शिकवत, मी गणित. आणि घराचा ओटा दोघांचा एकच.

फुलावर जाऊ नका, म्हणत. बाभळीचा पिवळा गोंडा, पळसाची केशरी चोच, बहाव्याचं झुंबर. तुम्हीच सांगा, कोण म्हणेल यांना भाऊबंद? पण तिघांनाही शेंगच. लाखो वर्षांमागं यांचा मूळपुरुष एक. कुणाकडं पाखरं आली, कुणाकडं माश्या, तशी फुलं बदलत गेली, शेंग तेवढी राहिली. आपटा आणि कांचन तर सख्खे भाऊ. पोरं चिंचा चोखत माना डोलवत.

स्वतःच्या सख्ख्या भावाशी मात्र मास्तरांचा अबोला. थोरला अनसिंगला शेती करी. शेताच्या धुऱ्यावरची, बांधावरची बाभूळ कुणी तोडली यावरून जे बिनसलं ते बिनसलंच. आधी कुणी जायचं, इथं गाडं अडलेलं.

एका दसऱ्याला थोरला आपणहून आला. थोरल्यानं धाकट्याच्या दारी सोनं घेऊन यायचं म्हणजे वैर संपलं. आमच्याकडं याहून मोठी माफी नाही. त्यानं पान पुढं केलं. मला तर भरून आलं. आणि आमच्या शहाण्यानं पान हाती न घेता वाकून पाहिलं, म्हणाले, "दादा, हे आपट्याचं नोहे. कांचनाचं होय."

थोरल्यानं हात मागं घेतला आणि बैलगाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मास्तर खरा आपटा घेऊन अनसिंगला गेले. भाऊ दारातच म्हणाला, "दसरा काल होता, मास्तर." जन्मभर घरच्या नावानं हाक मारणाऱ्यानं मास्तर म्हणावं!

तेव्हापासून मास्तरांनी कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. वर्गात झाडांच्या कुळांचा धडा आला की मला शिकवायला लावत. माझी तिथं फजितीच.

पुढच्या दसऱ्याला दुपारपासून ओट्यावर उभे. जो जे पान देईल ते न बघता घेत आणि अनसिंगच्या वाटेकडं पाहत. दिवेलागण झाली, भाऊ आला नाही. धाकटे तुम्ही, तुम्हीच जा, मी म्हटलं.

"कोन्या तोंडानं जाऊ? दादानं हात पुढं केला होता," ते म्हणाले, "अन् म्या पान पाह्यलं."